४८ व्होल्टचं बटण: फँटम पॉवर कधी चालते आणि कधी महागात पडते?

ऑडिओ इंटरफेस असो, मिक्सर असो की स्टुडिओतला स्वतंत्र प्रीअँप, माइकची केबल जिथे जोडतात त्याच्या आसपास ‘४८ व्होल्ट’ लिहिलेलं एक छोटं बटण हमखास सापडतं. घरच्या घरी पॉडकास्ट किंवा गाणं रेकॉर्ड करायला बसलेल्या नवख्या माणसाला या बटणाबद्दल दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक जण सांगतो, ते दाबल्याशिवाय माइक चालणारच नाही. दुसरा बजावतो, चुकूनही हात लावू नकोस, माइक जळेल. गंमत म्हणजे दोघंही आपापल्या अनुभवाप्रमाणे खरंच बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या माइकबद्दल.

हे बटण दाबलं की माइकच्या केबलमधूनच माइकला वीज मिळते. तिला फँटम पॉवर म्हणतात. बहुतेक वेळा ती निरुपद्रवी असते. ज्या थोड्या प्रसंगी ती नुकसान करते, ते प्रसंग ओळखायला सोपे आहेत. त्यासाठी केबलच्या आत काय चाललंय, एवढं मात्र समजून घ्यावं लागतं.

माइकला वीज लागतेच कशाला?

सगळ्या माइकना लागत नाही. कार्यक्रमांत गायकांच्या हातात सर्रास दिसणारा शुअर कंपनीचा एसएम ५८ हा ‘डायनॅमिक’ माइक आहे. त्यात पातळ पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाच्या फटीत हलतं. चुंबकीय क्षेत्रात तार हलली की वीज तयार होते, हे शाळेत शिकलेलं असतंच. म्हणजे हा माइक आपली वीज आपणच बनवतो. त्याला बाहेरून काही द्यावं लागत नाही.

स्टुडिओत आवाजासाठी जो कंडेन्सर माइक वापरतात, त्याचं तसं नाही. त्यात धातूचा मुलामा दिलेला अत्यंत पातळ पडदा आणि त्यामागे एक स्थिर पत्रा असतो. दोन्ही मिळून एक छोटा कपॅसिटर होतो. आवाजाच्या लाटेनं पडदा हलला की दोघांमधलं अंतर बदलतं, त्याबरोबर त्यांची धारकता बदलते आणि त्यातून सिग्नल मिळतो. पण त्यासाठी पडद्यावर आधी विद्युतभार असावा लागतो. शिवाय मिळणारा सिग्नल इतका नाजूक असतो, की तो थेट लांब केबलमध्ये सोडला तर वाटेतच हरवेल. म्हणून माइकच्या दांड्यातच एक छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवतात आणि त्या सर्किटला वीज लागते. १९६२ मध्ये बेल लॅब्जमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी विद्युतभार कायमचा धरून ठेवणारा ‘इलेक्ट्रेट’ माइक तयार केला, तेव्हा पहिली गरज संपली. पण दुसरी उरलीच. त्यामुळे इलेक्ट्रेट माइकलाही थोडी वीज द्यावीच लागते.

पूर्वी हे सर्किट व्हॅक्यूम ट्यूबचं असायचं. ट्यूबला गरम करायला वेगळी वीज आणि चालवायला वेगळा मोठा व्होल्टेज लागे. त्यामुळे अशा प्रत्येक माइकबरोबर एक जड डबा आणि अनेक तारांची जाड केबल यायची. ट्रान्झिस्टर आल्यावर गरज काही मिलिअँपिअरवर आली आणि वेगळा डबा कशाला, असा विचार सुरू झाला.

४८ हा आकडा मात्र नॉर्वेतून आला. १९६६ मध्ये जर्मनीतली न्यूमन कंपनी नॉर्वेच्या सरकारी रेडिओसाठी, म्हणजे एनआरकेसाठी, नवे ट्रान्झिस्टर माइक बनवत होती. नॉर्वेत हिवाळ्यात दिवसाचा उजेड फार कमी असतो आणि एनआरकेच्या स्टुडिओंमध्ये पूरक दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच खेळवलेला होता. तोच वापरा, असं ठरलं. त्यातून केएम ८४ हा माइक आला आणि दिव्यांसाठीचा तो आकडा पुढे जगभरच्या माइकसाठी प्रमाण ठरला.

वीज आहे, पण माइकला दिसत नाही

माइकच्या एक्सएलआर केबलला तीन पिना असतात. पहिली पिन म्हणजे ग्राउंड, ती केबलच्या जाळीला जोडलेली असते. दुसरी आणि तिसरी पिन सिग्नलची. माइक या दोन तारांवर एकमेकांच्या उलट सिग्नल पाठवतो आणि प्रीअँप फक्त दोन्हींमधला फरक मोजतो. दोन्ही तारांवर सारखीच आलेली कोणतीही गोष्ट, मग ती पंख्याच्या रेग्युलेटरची घुरघुर का असेना, वजाबाकीत निघून जाते. याला बॅलन्स्ड जोडणी म्हणतात.

फँटम पॉवरनं याच वजाबाकीचा फायदा घेतला आहे. ४८ व्होल्ट दोन्ही सिग्नल तारांवर अगदी सारखे चढवले जातात. माइकमधलं सर्किट ही वीज दोन्ही तारांमधून घेतं आणि जाळीतून परत पाठवतं. दोन तारांमधला फरक शून्यच राहतो, त्यामुळे सिग्नलला तिचा पत्ताच लागत नाही. फँटम हे नाव आलं जुन्या टेलिफोन तंत्रातून. तिथे दोन जोड्यांच्या तारांवर तिसरं संभाषण वेगळी तार न टाकता चालवता येई आणि त्याला ‘फँटम सर्किट’ म्हणत. असून नसलेली तार, म्हणून भुताचं नाव.

पाण्याच्या टाक्यांचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. गच्चीवर एकाच उंचीवर दोन भरलेल्या टाक्या आहेत आणि त्यांना जोडणारी एक बारीक नळी आहे. दोन्हींत पाण्याची पातळी सारखी असेल तर त्या नळीतून पाणी वाहत नाही, टाक्या कितीही उंचावर असोत. डायनॅमिक माइकचं वेटोळं म्हणजे ही नळी. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेवर ४८-४८ व्होल्ट आहेत, मधे फरक नाही, म्हणून वेटोळ्यातून प्रवाह नाही. एसएम ५८ला चुकून फँटम दिली तर काही बिघडत नाही, ते याचमुळे.

आता एका टाकीच्या तळाला भोक पडलं तर? दुसरीतलं पाणी त्या बारीक नळीतून धावत सुटेल. फँटम पॉवरमुळे होणाऱ्या जवळपास सगळ्या दुर्घटना म्हणजे हे भोक.

हा प्रवाह किती असेल, हेही सांगता येतं. ४८ व्होल्टचा पुरवठा दोन्ही तारांना थेट जोडलेला नसतो. प्रत्येक तारेत ६.८ किलोओहमचा रेझिस्टर असतो. एक तार ग्राउंडला चिकटली तर त्या वाटेनं साधारण ७ मिलिअँपिअर वाहतात. दोन्ही चिकटल्या तर १४. फार नाही, पण ‘फार नाही’ हे कोणत्या वस्तूच्या बाबतीत बोलतोय, यावर अवलंबून आहे.

हे दोन रेझिस्टर एकमेकांशी जुळणारे असणं त्यांच्या नेमक्या किमतीपेक्षा महत्त्वाचं आहे. प्रमाणानुसार दोघांमधला फरक ०.४ टक्क्यापेक्षा जास्त नसावा. जुना मिक्सर दुरुस्त करताना यातला एकच रेझिस्टर हाताला लागेल त्या साध्या रेझिस्टरनं बदलला, तर टाक्यांची पातळी कायमची वरखाली होते. दुरुस्तीला देताना हे कारागिराच्या कानावर घातलेलं बरं.

रिबन माइक: खरी काळजी इथे

रिबन माइकमध्ये चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ॲल्युमिनियमची पट्टी टांगलेली असते. तिची जाडी असते दोन-चार मायक्रॉन. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. जोरात फुंकर मारली तरी ती ताणली जाऊ शकते. पट्टी आणि केबल यांच्यामध्ये एक ट्रान्सफॉर्मर असतो.

केबल नीट असेल आणि सगळं शांतपणे जोडलं असेल, तर बहुतेक रिबन माइकना फँटमनं काही होत नाही. पण केबलमध्ये एखादी तार ग्राउंडला चिकटलेली असेल, तर ते ७ मिलिअँपिअर ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातून जातात. प्रवाह सुरू होताना आणि तुटताना ट्रान्सफॉर्मर पलीकडे झटका देतो. पट्टी चुंबकीय क्षेत्रात आहेच, ती झटक्याबरोबर एका बाजूला फेकली जाते. एकदा ताणलेली पट्टी पूर्ववत होत नाही, ती बदलावी लागते. काही जुन्या रिबन माइकमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याचा मध्यबिंदू ग्राउंडला जोडलेला असतो. तिथे भोक आधीपासूनच आहे. असा माइक फँटमवर लावूच नये.

केबल चांगली असूनही भोक पडण्याची एक जागा म्हणजे पॅचबे. मोठ्या स्टुडिओत सगळ्या जोडण्या एका फळीवर आणून छोट्या दोऱ्यांनी इकडच्या तिकडे करतात, ती ही फळी. तिच्यात टीआरएस पिन वापरतात, हेडफोनच्या पिनेसारखी, तीन पट्ट्यांची. ही पिन आत सरकताना तिचं टोक आणि पट्ट्या चुकीच्या संपर्कांना घासून जातात आणि क्षणभर सिग्नलची तार ग्राउंडला टेकते. फँटम चालू असेल तर तो एक क्षण पुरतो. एक्सएलआरमध्ये पिना आपापल्या भोकातच जातात, म्हणून तिथे हा प्रकार होत नाही.

सगळेच रिबन माइक फँटमला घाबरतात असंही नाही. रॉयर कंपनीच्या आर-१२१ला फँटम लागत नाही, तर त्याच घरातल्या आर-१२२मध्ये प्रवर्धक असल्यामुळे तो फँटमशिवाय चालतच नाही. दिसायला दोघं भाऊ-भाऊ. माइकच्या अंगावरचा क्रमांक वाचल्याशिवाय बटणाला हात लावू नये, तो यासाठी.

छोट्या इंटरफेसमध्ये आणखी एक अडचण असते. अनेकांत दोन किंवा चार इनपुटना मिळून फँटमचं एकच बटण असतं. एका इनपुटवर कंडेन्सर, दुसऱ्यावर रिबन, असं जमवायचं असेल तर रिबनच्या वाटेत फँटम अडवणारं छोटं उपकरण लावावं लागतं. क्लाउडलिफ्टरसारखे बूस्टर हे काम आपसूक करतात. ते प्रीअँपकडून आलेली फँटम स्वतःच वापरतात आणि माइकपर्यंत पोचू देत नाहीत. पॉडकास्टवाल्यांच्या आवडत्या एसएम७बीबरोबर ते दिसतात, ते मात्र संरक्षणासाठी नव्हे, तर त्या माइकचा आवाज क्षीण येतो म्हणून. एसएम७बी डायनॅमिक आहे, त्याला स्वतःला फँटम नको. त्याचाच नवा भाऊ एसएम७डीबी मात्र आतल्या बूस्टरसाठी फँटम मागतो.

फोन, लॅपटॉप, कीबोर्ड

माइकपेक्षा जास्त नुकसान बहुधा इथे होतं, आणि त्याची चर्चा कमी होते. मोबाइल, लॅपटॉप किंवा कीबोर्डचं आउटपुट बॅलन्स्ड नसतं. त्यात एक सिग्नल आणि एक ग्राउंड एवढंच असतं. बाजारात मिळणाऱ्या साध्या कन्व्हर्टर केबलनं ते एक्सएलआर इनपुटला जोडलं आणि फँटम चालू असली, तर त्या बिचाऱ्या उपकरणाच्या आउटपुटवर उलट्या दिशेनं वीज चढते. दोन-पाच व्होल्टवर चालणारी चिप ४८ व्होल्टसाठी बनवलेली नसते. रेझिस्टर प्रवाह मर्यादित ठेवतात, म्हणून काही उपकरणं वाचतात. वाचतीलच, याची खात्री कोणी देत नाही. यावर उपाय म्हणजे डीआय बॉक्स. ट्रान्सफॉर्मरवाला साधा डीआय बॉक्स फँटम मधेच अडवतो. इंटरफेसवरच्या एकत्रित सॉकेटमध्ये मधल्या गोल भोकात जाड पिन लावली, तर तिथे सहसा फँटम येतच नाही. ती फक्त भोवतीच्या तीन एक्सएलआर पिनांवर असते.

कॉलरला लावायच्या छोट्या माइकचंही असंच. कॅमेऱ्याला किंवा रेकॉर्डरला जोडायच्या या माइकना दोन ते पाच व्होल्टची ‘प्लग-इन पॉवर’ लागते, ती वेगळी गोष्ट आहे. तो माइक एक्सएलआरला जोडायचा, तर ४८ व्होल्टचे काही व्होल्ट करणारा खास ॲडॅप्टर हवा. नुसतं पिन बदलून देणारा पन्नास रुपयांचा तुकडा नको. जुन्या चित्रपट-ध्वनिमुद्रणाच्या सामानात टी-पॉवर नावाचा आणखी एक प्रकार सापडतो. त्यात १२ व्होल्ट दोन सिग्नल तारांच्या मधे दिलेले असतात, म्हणजे फँटमच्या नेमकं उलट. सेकंडहँड बूम माइक घेताना तो कोणत्या पॉवरवरचा आहे, हे विचारून घ्यावं.

प्रीअँपही जायबंदी होतो

फँटमचा धोका फक्त माइकला, असा समज आहे. २००१ मध्ये गॅरी हेबर्ट आणि फ्रँक थॉमस या दोन अभियंत्यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात एक शोधनिबंध मांडला, त्याचं नाव होतं ‘द ४८ व्होल्ट फँटम मेनेस’. दोनच वर्षांपूर्वी आलेल्या स्टार वॉर्स चित्रपटाच्या नावावरची ही कोटी. त्यांचा मुद्दा मात्र गंभीर होता.

प्रीअँपच्या दाराशी दोन कपॅसिटर असतात. बाहेरचे ४८ व्होल्ट आत येऊ नयेत आणि आवाज तेवढा आत जावा, हे त्यांचं काम. त्यामुळे फँटम चालू असताना ते ४८ व्होल्टपर्यंत भरलेले असतात. आता बाहेरची तार अचानक ग्राउंडला टेकली, तर कपॅसिटरची बाहेरची बाजू ४८ वरून शून्यावर येते. आतला भार मात्र क्षणात कुठे जाणार? म्हणून आतली बाजू शून्यावरून उणे ४८ कडे खेचली जाते. हा भार रिकामा होताना वाटेत ते ६.८ किलोओहमचे रेझिस्टर नसतात. प्रवाह मिलिअँपिअरमध्ये न राहता क्षणभर अँपिअरच्या घरात जातो आणि तो प्रीअँपच्या सगळ्यात नाजूक, पहिल्या ट्रान्झिस्टरमधून जातो.

चांगल्या प्रीअँपमध्ये यासाठी संरक्षक डायोड असतात, पण ते अपुरे असतील तर नुकसान कळतही नाही, हे यातलं वाईट. प्रीअँप बंद पडत नाही. त्याची पार्श्वभूमीची सळसळ थोडी वाढते. मालकाला वाटतं माइक जुना झाला, केबल खराब झाली, आणि तो भलत्याच ठिकाणी पैसे खर्च करतो. दोन सारखे चॅनल असतील आणि तोच माइक, तीच केबल, तेवढाच गेन ठेवून एकात सळसळ जास्त येत असेल, तर संशय प्रीअँपवर घ्यावा.

मग जोडायचं कसं?

क्रम साधा आहे. स्पीकर आणि हेडफोनचा आवाज बंद, गेन खाली, फँटम बंद. मग केबल आधी माइकला आणि नंतर प्रीअँपला जोडायची. त्यानंतर बटण दाबायचं, थोडं थांबायचं आणि मग गेन वाढवायचा. थांबायचं कारण, काही कंडेन्सर माइकना पडद्यावर पूर्ण भार चढून स्थिर व्हायला काही सेकंद लागतात. काढताना उलट: आवाज बंद, फँटम बंद, अर्धा मिनिट थांबून केबल काढायची. बटण बंद केल्याबरोबर व्होल्टेज शून्य होत नाही, पुरवठ्यातले कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ घेतात.

चालू फँटमवर कंडेन्सर माइक ओढून काढला तर तो बहुतेक वेळा वाचतो. कान मात्र वाचतील असं नाही. तेव्हा होणारा ‘धाड्’ आवाज हेडफोन घातलेल्या माणसाच्या थेट पडद्यावर आदळतो. गायक बूथमध्ये हेडफोन लावून उभा असताना बाहेरून माइक बदलण्याची घाई करू नये, हे यासाठी. आणि पॅचबे वापरायचाच असेल, तर फँटम लागणारे माइक त्यातून न नेता थेट भिंतीवरच्या एक्सएलआर सॉकेटला लावणं उत्तम.

शंका असेल तर साध्या मल्टिमीटरनं तपासता येतं. माइक न जोडता, केबलच्या माइककडच्या टोकाला, डीसी व्होल्टवर मीटर ठेवून पहिल्या आणि दुसऱ्या पिनेत मोजा, मग पहिल्या आणि तिसऱ्या पिनेत. दोन्हीकडे ४४ ते ५२ व्होल्ट आणि जवळजवळ सारखंच वाचन आलं पाहिजे. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेमध्ये जवळपास शून्य. एका पिनेवर काहीच नसेल तर तार तुटलेली किंवा चिकटलेली आहे, ती केबल बाजूला काढावी. मोजताना मीटरच्या टोकानं दोन पिना एकमेकींना चिकटू देऊ नयेत, नाहीतर तपासणीतच भोक पडायचं.

हीच मोजणी उलट्या तक्रारीतही कामी येते. काही स्वस्त मिक्सर ‘फँटम’ म्हणून जेमतेम पंधरा-अठरा व्होल्ट देतात. ३ मिलिअँपिअर घेणाऱ्या माइकला नीट पुरवठ्यावरही रेझिस्टरमधली घट जाऊन सुमारे ३८ व्होल्टच मिळतात. मुळातच पुरवठा लंगडा असेल तर माइक चालतो, पण तार सप्तकात आवाज गेला की फाटतो. दोष गायकाचाही नसतो आणि माइकचाही.

राहता राहिला शॉकचा प्रश्न. माइकला ओठ लागताच झिणझिण्या आल्या की फँटमला शिव्या दिल्या जातात. पण माइकचं धातूचं अंग पहिल्या पिनेला, म्हणजे ग्राउंडला जोडलेलं असतं. ४८ व्होल्ट त्यावर नसतातच. झटका येतो तो बहुधा २३० व्होल्टच्या बाजूनं. गिटारचा अँप किंवा कीबोर्ड अर्थिंग नसलेल्या दोन पिनांच्या एक्स्टेंशनवर चालतो, त्याचं अंग थोडं ‘गरम’ असतं, आणि हातात गिटार व ओठाशी माइक धरलेला माणूस दोन्हींमधला पूल बनतो. गणपतीच्या मांडवात, ओल्या जमिनीवर, हे जिवावर बेतू शकतं. अशा वेळी फँटमचं बटण बंद करून काहीच साधत नाही. मुख्य स्विच बंद करून आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावं आणि तोपर्यंत कुणालाही त्या माइकपुढे उभं करू नये.